मे महिन्यातला बर्फ

वाडी, नागपूर
१६ मे

सरिताताई,

तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तुझ्या खुशीने उचलला आणि म्हणाली, "मामा, आई म्हणून राहिली का लिहून पाठव. फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई म्हणतो अन् ठेवून देतो." लेक तुझ्यावरच गेली आहे. असो, ईमेल लिहितो.

ताराचंद शेठच्या कोल्ड गोडाऊनमध्ये पुढच्या आठवड्यात औषध कंपनीचा ऑडिटर येतो आहे. इन्सुलिनच्या खोलीचा अलार्म प्रोग्रॅम तू इथे नोकरीला असताना लिहिलास आणि तू रामटेकच्या कॉलेजात शिकवायला गेल्यापासून तो मी सांभाळतो. ऑडिटरचा एक प्रश्न असा आहे की, तापमानाच्या मर्यादा हा प्रोग्रॅम कुठून घेतो. तू दोन पानं लिहून दे आणि खाली सही कर. तुला अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तिकडे तुला वेळच वेळ असणार.

प्रोग्रॅमची काळजी नको. मार्चमध्ये आम्ही तो नव्या मशीनवर हलवला, तेव्हा मी त्यात थोड्या सुधारणा केल्या. त्यांचा उपयोगही झाला. या महिन्याच्या सुरुवातीला धम्मानंदने, तुला आठवत असेल, तोच आपला खोल्यांचा ऑपरेटर, भर दुपारी इन्सुलिनच्या खोलीचा कॉम्प्रेसर स्वतःच्या मनाने बंद करून टाकला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. संध्याकाळी खोली आठच्या वर गेली, अलार्म वाजला, मी धावत जाऊन कॉम्प्रेसर चालू केला आणि माल वाचला. शेठने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि धम्मानंदला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत म्हणे, पण शेठची चौकशी कशी असते ते तू जाणतेस. इतकी वर्षं खोल्या सांभाळलेला माणूस मे महिन्यात गारवा बंद करतो, आता अशा लोकांना काय म्हणायचं.

आई तशी बरी आहे, पण तुझ्या या मावशीची साखर वाढली आहे. इन्सुलिन वेळेवर घेते. टोचायचे पेन मीच गोडाऊनमधून आणतो. खोकी चेपली की दुकानदार घेत नाहीत, ती शेठ स्टाफला वाटून टाकतो. तरी साखर तीनशेच्या खाली उतरत नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला. चोरून गोड खाते, दुसरं काय. विचारलं की "नाही रे" म्हणते आणि दुसरीकडे बघते.

सहीचं विसरू नकोस.

अश्विन

*

रामटेक
१८ मे

अश्विन,

दोन पानं मागायला तू एक पान लिहिलंस आणि त्यातलं अर्धं स्वतःची आरती ओवाळण्यात घालवलंस. सही मी करणार नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये तुझ्या हातून "सुधारणा" झाल्या, तो माझा राहिलेला नाही, आणि तुझ्या सुधारणा कशा असतात ते मी तुझ्या दहावीच्या प्रोजेक्टपासून बघत आले आहे.

मर्यादा कुठून घेतो, हे तुला मला विचारावं लागतं. दोन वर्षं त्याच प्रोग्रॅमचा पगार घेतोस. ऑडिटरसमोर तोंडात मारल्यासारखा उभा राहू नयेस म्हणून सांगते, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते तसंच सांगते, कारण तुझी मजल तिथवरच आहे. किती थंडी चालेल, किती उष्णता चालेल, अलार्म कोणाच्या फोनवर जावा, पासवर्ड काय, असल्या गोष्टी प्रोग्रॅमच्या आत कोरायच्या नसतात. त्या बाहेर, मशीनवर, प्रत्येकीला एकेक नाव देऊन ठेवायच्या असतात. त्यांनाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. हा शब्द तू मुलाखतीत मोठ्या ऐटीत म्हटला होतास, आणि मी शेठला सांगितलं होतं की पोराला कळतं. माझी चूक.

प्रोग्रॅम उठला की नाव घेऊन मशीनला विचारतो: किमान तापमान किती? कमाल किती? मशीनकडून जे येतं ती नुसती अक्षरं असतात. म्हणून ते आधी बघायचं. काही आलं का, आलं तर तो आकडा आहे का, आकडा असला तर इन्सुलिनला चालेल असा आहे का. इन्सुलिनला दोन ते आठ, बस. यातलं एक जरी जुळलं नाही तरी माझा प्रोग्रॅम सुरूच होत नव्हता. "किमान तापमान सापडलं नाही" असं स्पष्ट लिहायचा आणि थांबायचा. पासवर्ड सापडला नाही तर नाव सांगायचा, पासवर्ड कुठे छापायचा नाही. इतकी अक्कल मी त्याला दिली होती.

आता तू मला सांग. नव्या मशीनवर ती नावं कोणी ठेवली? कोणीच ठेवली नसतील, तर प्रोग्रॅम उठला कसा?

आणि धम्मानंदने कॉम्प्रेसर का बंद केला? त्याला कोणी विचारलं, की सगळे तुझी पाठ थोपटण्यात गुंग होते? खोलीचं दार जास्त वेळ उघडं राहिलं म्हणून तो मला झापायचा, मी त्याची साहेब असूनही. असा माणूस उगाच बटणाला हात लावत नाही.

मावशीला मी काल फोनवर चांगलं सुनावलं. म्हटलं, "मावशी, जिभेला आवर घाल जरा, पोराला किती घोर लावशील." खात असणारच. तुमच्या घरात सरळ कबूल करण्याची पद्धत कधी नव्हतीच.

सरिता

*

वाडी, नागपूर
२१ मे

ताई,

तुझं पत्र ऑफिसात वाचत होतो तर शेजारच्याने विचारलं, "घरी काही वाईट झालं का?" म्हटलं नाही, ताईने माहिती पाठवली आहे.

धानाच्या बांधीकडे बघत खुर्चीत बसून अक्कल शिकवणं फार सोपं आहे. इथे काय झालं ते ऐक. मशीन हलवली त्या दिवशी खोलीत माल भरलेला, दारात गाड्या उभ्या, ड्रायव्हर हॉर्न मारताहेत, आणि तुझा प्रोग्रॅम हे सापडलं नाही, ते सापडलं नाही म्हणत मांडवात रुसलेल्या नवरदेवासारखा बसून राहिला. शेठ माझ्या डोक्यावर उभा. म्हणाला, "हे काहून बंद पडून राहिलं बे? तुह्या ताईचंही असंच होतं. जरासं काही झालं का बसली तोंड फुगवून." मग मी तुझी ती अडवणूक काढून टाकली. आता नाव सापडलं नाही तर प्रोग्रॅम आधी ठरवून दिलेला आकडा घेतो आणि पुढे चालतो. जगभर असंच करतात. मी जो कोर्स केला त्यातही असंच आहे. अलार्म चालू राहिला पाहिजे, ही पहिली गोष्ट. बंद पडलेला अलार्म कोणाच्या कामाचा?

आकडे कुठले म्हणशील, तर शेजारच्या आइस्क्रीमच्या खोलीचा प्रोग्रॅम माझा आहे. त्याच्या ओळी तयार होत्या, त्याच उचलून आणल्या आणि कमाल तापमान बदलून आठ केलं. नीट आठ. म्हणून तर त्या दिवशी अलार्म वाजला. नागपुरात खोली सांभाळायची म्हणजे उन्हापासून सांभाळायची, त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही.

धम्मानंदला विचारलं होतं. माल चढवायच्या फलाटावर, हमालांसमोर, खुद्द शेठने विचारलं. तो म्हणाला, "खोक्यायवर बरफ जमला होता शेठ, म्हणून बंद केला." बाहेर डांबर वितळून चपलेला चिकटतंय आणि हा म्हणतो बर्फ. हमाल हसले, शेठ हसला, मीही हसलो. त्याने सकाळी मला फोनवरही तेच ऐकवलं होतं, दारावरचं थर्मामीटर शून्याच्या खाली गेलं म्हणून. मी माझी स्क्रीन बघितली, हिरवीगार. म्हटलं, थर्मामीटर खराब झालं असेल, नवीन लाव. त्यावर त्याने फोन ठेवला आणि दुपारी जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. अशा माणसाची तू बाजू घेतेस.

आईची साखर पार चारशेला टेकली. डोस पुन्हा वाढवला. साखरेचा आणि गुळाचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवला आहे आणि किल्ली खिशात घेऊन फिरतो. या वयात आईवर ही वेळ आणावी लागते.

सही देत नसशील तर तसं स्पष्ट कळव. मग मी करतो, शेठला चालेल.

अश्विन

*

रामटेक
२२ मे

अश्विन,

कमाल आठ केलंस. आणि किमान?

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात किमानाचं नाव नाही. आइस्क्रीमच्या खोलीचं किमान किती असतं हे तुला विचारायची गरज नाही, उणे पंचवीस. म्हणजे मार्चपासून ती इन्सुलिनची खोली गोठून दगड झाली असती तरी तुझी स्क्रीन हिरवीगारच राहिली असती. आणि तू ती हिरवी स्क्रीन बघून एका शहाण्या माणसाला थर्मामीटर बदलायला सांगितलंस.

अलार्म चालू राहिला पाहिजे, म्हणतोस. ज्याला मर्यादाच माहीत नाही तो चालू राहून काय दिवे लावणार? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून थांबायचं, एवढं मी त्या प्रोग्रॅमला शिकवलं होतं. तू त्याला दडपून खोटं बोलायला शिकवलंस, तेही शेजारच्या खोलीतून उचललेलं. मी अडवणूक करत होते म्हणे. ती अडवणूक त्या खोलीच्या राखणीला बसवली होती. शेठला गाड्यांची घाई होती, समजू शकते, तो माणूसच तसा आहे. तुला कसली घाई होती? चार नावं आणि चार आकडे मशीनवर ठेवायचे होते. मला एक फोन केला असतास तर बसल्या जागी सांगितले असते. पण मग ताईला विचारावं लागलं असतं.

जगभर असंच करतात, हेही ऐकून ठेव. स्क्रीनचा रंग कोणता, अक्षरं केवढी, असल्या गोष्टींना ठरवून दिलेलं उत्तर चालतं. चुकलं तर डोळ्यांना त्रास होतो. ज्याच्यावर कोणाचं औषध अवलंबून आहे, त्याचं उत्तर मनाने ठरवायचं नसतं. तुझ्या कोर्सवाल्याने हेही सांगितलं असेल, तू तेव्हा चहाला गेला असशील.

तो प्रोग्रॅम खोलीचं तापमान दर थोड्या वेळाने नोंदवतो. ते काढायला मी कोणाला सांगितलं नव्हतं, तेव्हा तूही काढलं नसशील अशी आशा आहे. धम्मानंदने कॉम्प्रेसर बंद केला त्याच्या आदल्या संध्याकाळपासूनचे आकडे बघ आणि मला पाठव. खुलासा नको. आकडे पाठव.

सरिता

*

वाडी, नागपूर
२६ मे

ताई,

ऑडिट पास झालं. ऑडिटरने उष्णतेचा अलार्म वाजवून दाखवायला सांगितला, तो वाजला. थंडीचं त्यानेही विचारलं नाही. मे महिन्यात कोण विचारेल.

आकडे बघितले. मी ते आजच बघितले, तुझा विश्वास बसो न बसो. आदल्या रात्रभर आणि दुसऱ्या दुपारपर्यंत खोली उणे पाचवर होती. थर्मोस्टॅट अडकला असावा. मी नंतर कॉम्प्रेसर पुन्हा चालू केला तेव्हा तो आपोआप सुटला असेल.

इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही कामाचं राहत नाही, हे मी वाचलं. पण वरून काही कळत नाही, पेनमध्ये दिसतं ते तसंच स्वच्छ पाणी. तो माल केव्हाच बाहेर गेला, काटोल, उमरेड, तुमच्या रामटेकलासुद्धा. एका दुकानाची तक्रार नाही. आता तोंड उघडलं तर शेठ बुडेल, मी रस्त्यावर येईन, आणि धम्मानंदला परत घेतीलच असं काही नाही. सेन्सरच चुकला असेल असंही असू शकतं ना? मी आज कोणाला न सांगता किमान तापमान दोन करून ठेवलं. पुढे असं होणार नाही. एवढं पुरे नाही का? हे पत्र वाचून काढून टाक.

आई दोन दिवस पडूनच आहे. सारखं पाणी मागते. परवा तिच्यावर खूप ओरडलो. गादीखाली बिस्किटाचा रिकामा पुडा सापडला म्हणून. मग आठवलं, तो माझाच होता.

अश्विन

*

नागपूर
२७ मे

अश्विन,

तुझं कालचं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि तशीच गाडी काढून वाडीला आले. तुला वाटेत चारदा फोन केला. माझं नाव बघून तू उचलला नाहीस. घरी गेले तर मावशीला मी कोण हेसुद्धा नीट कळत नव्हतं. तिला दवाखान्यात आणलं आहे. सलाइन चालू आहे, डॉक्टर म्हणतात वेळेत आलात. पत्ता शेजारणीला विचार, तिला माहीत आहे. इथे आलास की मी तुझ्याशी बोलणार नाही. बोलले तर लोक जमतील, म्हणून बाकावर बसून फोनवर लिहिते आहे.

मावशीचे पेन कोणत्या खोक्यातले आहेत?

तुला अजूनही सुचलं नव्हतं ना? उणे पाचचे आकडे लिहिलेस, गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही असं लिहिलंस, आणि त्याच पत्रात आई सारखं पाणी मागते असंही लिहिलंस. हे सगळं एकाच हाताने. ती कितीतरी दिवस रोज पाणी टोचून घेते आहे आणि तू किल्ली खिशात घालून फिरतो आहेस. धम्मानंद बर्फ म्हणाला, तू हसलास. आई नाही म्हणाली, तू कुलूप लावलंस. ज्या स्क्रीनला काहीच ठाऊक नव्हतं, तुझ्यालेखी खरी तेवढी तीच.

आणि मीही तिला फोनवर सुनावलं होतं, तुझ्या एका वाक्यावर, काही न विचारता. त्याची मला लाज वाटते. ती मी तिच्यापुढे बघून घेईन, तुझ्यापुढे नाही.

आता नीट वाच. डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर तिचा डोस पूर्वीइतका खाली आणला. वाढवलेल्या डोसाने चांगलं इन्सुलिन टोचलं असतं तर साखर एकदम खाली जाऊन ती तिथल्या तिथे कोसळली असती. तुझ्या त्या मालातला पेन ज्याच्या ज्याच्या घरात आहे, त्याचं हेच झालेलं असणार. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवला असेल, आणि उद्या त्याला नव्या खोक्यातला चांगला पेन मिळेल. तेव्हा नुसता माल गुपचूप बदलून देणं पुरणार नाही. का बदलतो ते सांगावं लागेल, प्रत्येकाला.

मी आत्ता या बाकावरूनच औषध कंपनीला कळवू शकते. मग शेठ म्हणेल, नोकरी सोडून गेलेली बाई डूख धरून आहे, आणि धम्मानंद घरीच राहील. ज्याने केलं त्याने लिहिलं तर दोन्ही गोष्टी होतात. आज पाचपर्यंत लिही. काय काढलं, कोणाच्या ओळी आणल्या, धम्मानंदने फोन केला तेव्हा तू काय म्हणालास, सगळं. पाच वाजले की मी तुझी ही तिन्ही पत्रं जशीच्या तशी पाठवणार. एकही मी काढून टाकलेलं नाही.

सरिता

*

वाडी, नागपूर
९ जून

ताई,

हे पत्र तू मागितलेलं नाहीस. दवाखान्यात तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस आणि आईला घरी सोडून सरळ गाडीत बसलीस. तरी लिहितो.

त्या दिवशी मी तुझं पत्र वाचून आधी दवाखान्यात आलो, तुला दिसलोच असेन, आणि मग बाहेर चहाच्या टपरीवर बसून कंपनीला लिहिलं. पाचची वाट बघितली नाही. नंतर त्याची एक प्रत घेऊन शेठकडे गेलो. शेठने वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "ऑडिट पास झालं नं बे? मंग काहून उकरून राहिला?" मी म्हटलं, माझी आई दवाखान्यात आहे. तर म्हणाला, "मंग तिले बाहेरचं इन्सुलिन आणून दे नं. मी नाही म्हटलं का?" त्याला मी कंपनीला आधीच पाठवून आलो आहे हे कळलं तेव्हा मात्र तो उठून उभा राहिला. पुढे जे बोलला ते लिहीत नाही. तुझ्याबद्दलही होतं.

कंपनीने सगळा माल परत मागवला. शेठने मला काढलं, पण दुकानांना फोन करायला माणूस नव्हता म्हणून ते काम होईस्तोवर ठेवलं. मी फोनवर तेच तेच सांगत राहिलो, की माल गोठलेला होता, पेशंटचा डोस वाढला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा पेन लावू नका. कोणी शिव्या दिल्या. उमरेडच्या एका दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तं दोन म्हाताऱ्यांले दुकानात झापलं होतं भाऊ, पथ्य पाळत नाही म्हणून. आता कोणत्या तोंडानं जाऊ त्यायच्या घरी?" त्यातली एक बाई अजून दवाखान्यात आहे. मी रोज विचारतो.

शेवटच्या दिवशी मी प्रोग्रॅममधल्या त्या ओळी काढून तुझ्या परत घातल्या. मुद्दाम किमान तापमान न देता सुरू करून बघितला. सुरू झाला नाही, नाव सांगून थांबला. मग आकडा ठेवला आणि सुरू केला. शेठला ते आवडलं नाही, पण कंपनीचा माणूस समोर उभा होता.

धम्मानंदच्या घरी गेलो होतो. इथेच, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनच्या मागे भाड्याची खोली आहे त्याची. मला वाटलं होतं दारातच हाकलेल. त्याने आत बसवलं, त्याच्या बायकोने, मेघावहिनींनी, पाणी दिलं. मी बोलायला लागलो तर त्याने हात वर केला. म्हणाला, "मले इथं काहून सांगून राहिला गा? मी तं बरफ हातानं खरवडला होता. जिथं हसले होते नं सारे, तिथं सांग." कंपनीला सगळं कळल्यावर शेठला त्याला परत घ्यावं लागलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर आला होता. माल चढत होता. मी फलाटावर उभा राहिलो आणि हमालांसमोर, ड्रायव्हरांसमोर सांगितलं की खोलीत बर्फ होता, धम्मानंदने मला फोन केला होता, आणि चूक माझी होती. हमालांनी काम थांबवलं नाही. एकाने विचारलं, "मंग हे तेव्हाच काहून नाही म्हटलं?" धम्मानंद माझ्याकडे न बघता खोलीचं थर्मामीटर बघायला निघून गेला. मला त्याच्याकडून काही गोड ऐकायचं होतं, असं नाही. पण ऐकायचं होतं, ताई. तुला खोटं लिहून उपयोग नाही.

आईला काल सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नुसतं औषध खराब होतं एवढंच सांगितलं होतं. मी तिला सांगितलं की ते खराब आहे हे कळायची सोय मीच काढून टाकली होती, पेन मीच आणले होते, आणि तिने काहीच खाल्लं नव्हतं. ती पालक निवडत होती, निवडत राहिली. मला वाटलं, रडेल किंवा चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

पालक निवडून झाल्यावर म्हणाली, "तू रोज रोज म्हणे नं, तं मले वाटाले लागलं, मीच झोपीत उठून खात असन. म्हणून मी राती हात बांधूनच झोपत होती." मी विचारलं, कशाने? म्हणाली, "लुगड्याच्या पदरानं. पलंगाच्या दांडीले."

तिच्या मनगटावरचा वळ मी बघितला होता. मला वाटलं, बांगडी घट्ट होत असेल.

अश्विन